पहिला हात

उजव्या हाताच्या करंगळीपासून कोपरापर्यंत काहीतरी सरकलं. सरकलं म्हणजे चटका नव्हे आणि धक्का तर नव्हेच. धक्का मला चांगला ठाऊक आहे, त्याच्यावरच पोट भरलंय. हे फार बारीक होतं. आलं आणि गेलं, आणि गेल्यावर ते खरंच आलं होतं का, हेच मला सांगता येईना. मी गाडीच्या मागच्या दारातून अर्धा आत वाकलेलो होतो. मागची सीट काढून बाहेर ठेवलेली, समोर बॅटरीच्या पेटीचं झाकण उघडं, डावं कोपर दाराच्या पत्र्याला टेकलेलं. मीटर शून्य दाखवत होतं. आणि माझा उजवा हात उघडा होता. त्या हातातला रबरी हातमोजा मी कधी काढला, कशासाठी काढला, काही आठवेना. मग तो सापडला, माझ्याच काखेत दाबून धरलेला. पलीकडच्या दारात हुस्ना उभी होती, हातात पाना, अंगात तिच्या बापाचा जुना खाकी शर्ट. ती म्हणाली, "भाऊ, बगितलं ना? घालू का हात?"

एवढासाच प्रश्न, आणि त्याचं उत्तर द्यायला आमच्या गॅरेजात तोंड उघडावं लागत नाही. ही रीत माझी नव्हे, पाशा उस्तादांची. हुस्नाचे वडील. अंबाजोगाईत परळीच्या रस्त्याला ट्रकच्या वायरिंगचं हे दुकान त्यांनी टाकलं. मिसरूड फुटायच्या आधी मी त्यांच्या हाताखाली आलो, आणि ते गेल्यावर पाटी तीच ठेवून मी चालवतो. त्यांचा नियम असा की कुठल्याही उघड्या तारेला पहिला हात उस्तादाचा. तोही तळहात नाही, हाताची पाठ. "करंट को पीठ दिखाव, पेट नक्को दिखाव," म्हणायचे. कारण साधं आहे. तळहाताला करंट लागला की मूठ आवळते आणि माणूस तारेला चिकटतो. पाठीला लागला तर हात झटकन मागे येतो. ते हात उलटा करून, मांजराला गोंजारावं तसा तारेवरून फिरवायचे आणि उचलून बाजूला व्हायचे. मग बाकीच्यांनी खुशाल हात घालायचा. कोणी 'घालू का' विचारलं तर 'घाल' असं ते कधी म्हणाल्याचं मला आठवत नाही. बोलण्यावर त्यांचा विश्वासच नव्हता. "जबान झूट बोलती बेटा, हात झूट नै बोलता." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं होतं की ते मला त्यांच्या आवाजातच आठवतं, तोंडात सुपारी धरून बोलल्यासारखं.

ट्रकच्या चोवीस व्होल्टला हे सगळं शोभून दिसायचं. समोर आता हायब्रिड गाडी होती. अर्धी पेट्रोलवर, अर्धी बॅटरीवर. ही बॅटरी म्हणजे बॉनेटमधला तो ठोकळा नव्हे, तो असतोच वेगळा. ही मागच्या सीटखाली लपवलेली पेटी, दोनशे व्होल्टच्या आसपास, तेही डीसी, एकदा धरलं की सोडायचं नाव नाही. पुण्याला वर्गात बसून मी हे शिकून आलो होतो. शिकवणारा वयानं लहान, पण कडक. अंगठ्या, घड्याळं, गळ्यातल्या चेनी आधी काढायला लावल्या. नारिंगी केबल दिसली की ती जिवंत आहे असंच धरून चालायचं, मेल्याची खात्री होईपर्यंत. गाडी बंद करा, चावी लांब ठेवा, लहान बॅटरीची तार काढा, हातमोजे घाला, मग मोठ्या बॅटरीचा सर्व्हिस प्लग उपटा. तो उपटला की बॅटरीचे मधोमध दोन तुकडे पडतात आणि बाहेर जाणारा करंट तुटतो. उपटलेला प्लग स्वतःच्याच खिशात ठेवा, कारण दुसऱ्या कोणी नकळत परत बसवला तर तुम्ही गेलात. हे मला फार पटलं, उस्तादांना शोभेल असं वाटलं. मग दहा मिनिटं थांबा, आत साठलेलं जिरू द्या, आणि मीटर लावा. पण मीटर आधी एखाद्या चालू बॅटरीवर तपासून घ्या आणि नंतर पुन्हा तपासा. कारण तार मेलेली असली तरी मीटर शून्य दाखवतं, आणि मीटर मेलेलं असलं तरी शून्यच दाखवतं. वर्गात सगळे हसले, मीही हसलो. हात लावून बघायचा प्रकार या गाडीत चालणार नाही, असं त्यानं दोनदा बजावलं आणि मी दोनदा मान डोलावली. मान डोलवायला काय लागतं? मान पुण्यात बसली होती, हात इथेच परळीच्या रस्त्याला राहिला होता.

आज मी सगळं केलं होतं. म्हणजे केलं असणार. प्लग माझ्या पँटच्या खिशात होता, त्याचं वजन मांडीला लागत होतं. की लागतंय असं मला वाटत होतं? थांबलो होतो, हेही नक्की, कारण थांबलेल्या वेळात एका ट्रॅक्टरवाल्याला मागच्या लाइटची वायर जोडून दिली. ऊसतोडीला निघायचे दिवस आहेत, ट्रॉलीचा लाल दिवा लागल्याशिवाय मुकादम हलत नाही. मग मीटरच्या दोन्ही पिना लावल्या आणि शून्य आलं. आणि त्या शून्यावर माझा हात समाधान पावला नाही. डोक्याला न विचारता त्यानं मोजा काढला, काखेत खोचला, उलटा झाला आणि पुढे गेला. तो तांब्याला टेकला का? टेकायच्या आधीच मी मागे घेतला का? मला दिसत होता तो फक्त परत आलेला हात, पेटीच्या कडेवर पालथा पडलेला, दुसऱ्या कोणाचा असावा तसा. मधला भाग डोक्यातून कोणी कातरून नेल्यासारखा गायब होता. मला माझाच संताप आला. भीती नंतर वाटली, आधी संताप आला.

"मिस्तरी, झालं का न्हाई अजून?" बाहेरून धर्मराजनं हाक मारली. गाडी त्याची. धारूरच्या डोंगरात त्याची सीताफळाची बाग आहे. पुण्याहून वापरलेली ही गाडी आणली, दाराला हळदीकुंकू लावलं आणि दुसऱ्या दिवसापासून तिला टेम्पोच्या कामाला जुंपलं. सकाळी उतरल्या उतरल्या म्हणाला होता, "मधीच चालती, मधीच बंद पडती. लाल तिकोन दाखवती. कावून असं करती ही?" मी मागच्या सीटच्या कडेची जाळी बघितली. बॅटरीला हवा मिळावी म्हणून ती जाळी असते. तिच्यावरून तपकिरी, चिकट ओघळ आत गेलेला होता. सीटवर काय ठेवता, विचारलं, तर म्हणाला, "सीताफळं. डोळा उघडल्याली. दुसरं काय ठिवणार?" म्हणजे पिकलेल्या फळांचे क्रेट दाबून दाबून भरायचे, वळणावळणाच्या घाटातून आणायचे, आणि त्यांचा रस जाळीतून थेट बॅटरीवर. मला हसू आलं. तो रस आत कुठे पोहोचला असेल तिथून करंट गाडीच्या पत्र्यात झिरपत असणार, असा माझा अंदाज होता. त्यानं मला एक मोठं सीताफळ फोडून पुढे केलं. दात दुखतोय, असं सांगून मी ते खाली ठेवलं. तेव्हा हुस्नानं माझ्याकडे बघितलं होतं. सीताफळ बघून थांबणारा माणूस मी नव्हे, हे तिला लहानपणापासून माहीत आहे. दर हंगामाला मी उस्तादांच्या घरी टोपली घेऊन जायचो आणि निम्मी मीच बिया थुंकत संपवायचो.

आता ती पुन्हा बघत होती. उत्तराची वाट बघणारे डोळे, पण त्यात आणखी काहीतरी होतं, की मला ते आहे असं वाटलं? हल्ली हे फार होतंय. झोपेत हाताला झिणझिण्या येतात, उठतो, बघतो तर हात जागेवर, कशाला टेकलेला नाही. स्टिअरिंगखाली हात घालतो, वाटतं तार जिवंत आहे, मीटर म्हणतं नाही. पहिल्यांदा मीटर बदललं. मग डॉक्टर गाठला. मेडिकल कॉलेजच्या ओपीडीत एका तरुण डॉक्टरीणबाईंनी मला डोळे मिटायला सांगितले. त्यांच्या हातात नायलॉनचा दोरा होता, मासे धरायच्या गळाला असतो तसला. त्या तो माझ्या बोटांना टेकवणार आणि मी 'लागलं' म्हणायचं, इतकंच. मी म्हणत गेलो. त्यांच्या हातातल्या कड्याचा आवाज व्हायचा किंवा ॲप्रनची बाही सरकायची आणि मी म्हणायचो, लागलं. मी फसवत नव्हतो. कड्याचा आवाज झाला की बोटाला खरोखरच काहीतरी लागल्यासारखं व्हायचं. थोड्या वेळानं त्यांनी दोरा खाली ठेवला. "काका, डोळे उघडा. साखर सांभाळा आता, नसांवर यायला लागलंय," म्हणाल्या. मी विचारलं, म्हणजे मला लागलं का नाही? त्यांनी हसून माझ्या खांद्यावर हात ठेवला. तो हात मात्र मला लख्ख कळला. घरी चहा बिनसाखरेचा झाला. गॅरेजात मी कोणाला काही बोललो नाही. सांगायचं तरी काय? वायरिंगवाल्याच्या बोटांना कळेनासं झालं म्हणजे गवयाच्या कानाला बहिरेपण आलं.

आणि हुस्नाला कसं सांगणार! तिला आष्टीला दिली होती. थोड्याच दिवसांत परत आली. का आली ते मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. घरी आईबरोबर मोटारींचं वाइंडिंग करायची. केसाएवढी तार बोटांवरून सोडत, बोलत बोलत, न बघता. एकदा मी दुकानात डोकं धरून बसलो होतो, एका बसच्या वायरिंगमध्ये कुठे तुटलंय सापडत नव्हतं, आणि ती डबा द्यायला आली होती. तिनं वायरींचा जुडगा हातात घेतला, बोटं चालवत गेली आणि एका जागी थांबली. तिथेच तुटलेलं होतं. मग मीच तिच्या आईकडे, आमिनाबींकडे गेलो, म्हटलं, पोरीला दुकानात पाठवा. बाजेवर बसलेल्या, मटकी निवडत. म्हणाल्या, "पैला हात तेरा रहेंगा, तोच भेजूंगी बेटा." मी म्हटलं, हे काय सांगणं झालं, अम्मी, उस्तादांची रीत आहे. त्यांनी सुपातला खडा बाजूला टाकला आणि मान हलवली. दुसऱ्या दिवशी हुस्ना आली ती हा खाकी शर्ट चढवून, बाह्या दुमडून. खिशापाशी सोल्डरनं पडलेली भोकं तशीच होती.

या पेटीत माझा पंजा जात नाही. सीटच्या लोखंडी चौकटीमधून आत, खालच्या अंगाला पेटी सोडवायचे जे बोल्ट आहेत तिथे तिचाच हात पोहोचतो. म्हणून आज असं ठरलं होतं: तपासायचं मी, प्लग माझ्या खिशात, आणि मी बाजूला झालो की हात तिनं घालायचा. पुण्याच्या वर्गात एक लांब प्लॅस्टिकचा आकडा दाखवला होता. आत हात घातलेला माणूस चिकटलाच तर दुसऱ्यानं त्याला हात न लावता या आकड्यानं ओढायचा. आमच्याकडे तो नाही, वेळूची कोरडी काठी आहे, पुढे वळवलेली, पूर्वी चिंचा पाडायची. ती घेऊन मी तिच्या मागे उभा राहणार होतो. माझं काम एवढंच, आधी सांगायचं आणि नंतर ओढायचं. दोन्ही कामं हाताचीच.

मी म्हणालो असतो, घाल. तोंडावर आलंही होतं. मीटर शून्य आहे, नियमानं झालंय, हाताची झिणझिण रोजचीच आहे, ती आजाराची आहे, घाल. आणि लगेच दुसरीकडून वाटायचं, आजाराची झिणझिण बोटांच्या टोकांना असते, ही कोपरापर्यंत गेली. पण आजार वाढला असेल तर? परवा सोल्डरचं तापलेलं टोक मी बोटांत धरलं आणि आधी वास आला, मग दिसलं, मग कुठे जळल्याचं कळलं. ज्या हाताला आग कळली नाही त्याला हा बारीक करंट कळतो म्हणजे काय? आणि ज्याला काहीच नसताना झिणझिण्या येतात त्यानं आज काही आलं म्हणून सांगितलं तर त्याचं ऐकायचं कोणी? मी उस्तादांचा हात आठवायचा प्रयत्न केला. तारेवरून फिरताना त्यांच्या चेहऱ्यावर काय असायचं? काहीच नसायचं. त्यांनाही शेवटी शेवटी काही कळत होतं की नुसताच हात फिरवत होते आणि आम्ही निर्धास्त हात घालत होतो? हा विचार माझ्या मनात आला आणि मला त्याची लाज वाटली, आणि लाज वाटूनही तो गेला नाही. ते गेले त्या वर्षी चहाची बशी त्यांच्या हातून दोनदा पडली होती. आम्ही हसलो होतो. तेही हसले होते.

"भाऊ?" हुस्ना म्हणाली. तिनं हातमोजा चढवला होता, त्याआधी मनगटापाशी गुंडाळून त्यात हवा कोंडून, कुठे छिद्र नाही ना ते कानाशी धरून ऐकलं होतं. एवढं मी तिला शिकवलं होतं. तिचा हात चौकटीच्या तोंडाशी आला होता. माझ्या गप्प बसण्याचा अर्थ तिनं रीतीप्रमाणे लावला होता. मी हात लावला, मी हात उचलला, म्हणजे झालं. चूक तिची नव्हती. तिच्या जागी मी असतो तरी घातलाच असता.

"थांब," मी ओरडलो. इतक्या मोठ्यानं, की बाहेर धर्मराज खुर्चीतून उठला.

हुस्नाचा हात जागच्या जागी थांबला. "काय झालं?"

"काई न्हाई. मीटर बगू दे जरा."

"सकाळी बगितलं आसंल न्हवं?"

बघितलं होतं का? मला एक मीटर आठवत होतं, एका बॅटरीवर लावलेलं, बारा आणि वर काहीतरी आकडा, ऊन पडलेलं. पण ते आजचं होतं का कालच्या ट्रॅक्टरचं, का पुण्याच्या खिडकीतलं? ऊन सगळीकडे सारखंच असतं. "तू बगितलंस का, मी तपासताना?" मी विचारलं. तिनं आठवून बघितलं. "आज न्हाई. काल बगितलतं, दुसऱ्या ट्रॅक्टरवर." भिंतीशी चार्जिंगला लावलेली ट्रकची बॅटरी होती, तिच्यावर हॉर्न वाजवून बघितला, जिवंत असल्याची खात्री केली. तिच्या दोन्ही टोकांना मी पिना लावल्या. शून्य. पुन्हा लावल्या. शून्य. हुस्नानं माझ्या हातून काळी वायर घेतली आणि बोटांनी चाचपत गेली, पिनेपाशी थांबली, तिथे जरा सरळ केली. आकडा उसळून वर आला. तिनं सोडली. शून्य. वरचं प्लॅस्टिक शाबूत आणि आतली तार तुटलेली. माझ्या बोटांखालून ती वायर रोज जात होती.

ती आत गेली, कपाटातून दुसऱ्या वायरी आणल्या, मीटरला जोडल्या, ट्रकच्या बॅटरीवर लावून आकडा मला दाखवला, मग दोन्ही हातांत मोजे घालून गाडीत वाकली. मी काही सांगत नव्हतो. दोन मुख्य टोकांमध्ये शून्य, आता खरं शून्य. मग एक पिन टोकाला आणि दुसरी गाडीच्या पत्र्याला. "भाऊ," ती हळूच म्हणाली. नव्वदच्या आसपास. प्लग उपटल्यावरही बॅटरीच्या प्रत्येक तुकड्यात करंट शिल्लक असतो, तो बाहेर येत नाही इतकंच. इथे मात्र सीताफळाच्या रसानं त्याला वाट करून दिली होती. टॉर्चचा उजेड पाडला तर खालच्या बाजूला काळा थर दिसला, त्यात एक बी, आणि मुंगळ्यांची रांग, काही चालणारे, काही चिकटून मेलेले. तिनं पिना काढल्या, पुन्हा ट्रकच्या बॅटरीवर लावल्या, आकडा आला. धर्मराज दारात येऊन उभा होता. "मारली का माज्या सीताफळानं गाडी?" तो म्हणाला आणि हसला, आणि आम्ही हसलो नाही म्हणून थांबला. "सावलीत बसा जरा," हुस्नानं त्याला सांगितलं.

म्हणजे मला लागलं होतं. उघडा हात तांब्याला, डावं कोपर पत्र्याला, मधे नव्वद व्होल्ट. उस्ताद, हात खोटं बोलला नाही! मला एकदम मोकळं वाटलं, रडू येईल इतकं. मला कळलं होतं, बोटं शाबूत होती, ती डॉक्टरीण, तो दोरा, सगळं खोटं. मग लक्षात आलं की नव्वद व्होल्ट लागले असते तर असं बारीक काहीतरी सरकून गेलं नसतं. मी मागे फेकला गेलो असतो, तोंडातून शिवी निघाली असती. की रसातून येता येता करंट बारीक झाला होता? की माझा हातच इतका मेलेला आहे की नव्वद व्होल्ट त्याला मुंगीएवढे लागले? की हात टेकलाच नव्हता आणि मला आपलं रोजचं आलं होतं, नेमकं तेव्हाच? तीनही गोष्टी खऱ्या वाटत होत्या. ज्या क्षणी एक खरी वाटे त्या क्षणी उरलेल्या दोन माझ्याकडे बघून हसत. मी तो हात पाठीमागून बघितला, पुढून बघितला. नखाखाली ग्रीस होतं. परवाचा सोल्डरचा फोड सुकत आला होता.

"मगाशी तुमी मोजा काढून हात लावलता," हुस्ना म्हणाली. विचारलं नाही, सांगितलं. "लागलं का?"

"लागलं बी आन न्हाई बी."

तिनं मोजे काढून बाकावर ठेवले. रागावली असती तर बरं झालं असतं. "तो फोड कशाचा हाय, मला म्हाईत हाय," ती म्हणाली. "वास मलाबी आलता त्या दिवशी. सीताफळबी खाल्लं न्हाई तुमी. मी म्हटलं, सांगतील कवातरी." आणि मग, "तुमी थांब म्हणला नसता तर मी हात घातला आसता, भाऊ."

मी वर्कबेंचपाशी गेलो, त्यावरचे स्क्रू बाजूला केले आणि उजवा हात पालथा ठेवला. मीटर तपासलं होतं, आता एवढंच तपासायचं राहिलं होतं. "मीटरची पिन घे," मी म्हणालो. "कुठल्याबी बोटाला टेकव. हळू टेकव, टोचू नको. मी सांगतो कुठलं ते." तिला ते नको होतं, तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मी डोळे मिटले.

मिटल्या डोळ्यांआड भर दुपार लाल झाली. रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला, ट्रॉलीत बायका बोलत होत्या, एक लेकरू रडत होतं. ग्रीसचा वास, बॅटरीच्या पाण्याचा आंबूस वास, आणि त्या सगळ्यावर पिकलेल्या सीताफळाचा वास. मला उस्ताद आठवले नाहीत. मला मी आठवलो, कोवळ्या हातांचा, त्यांच्या मागे उभा, त्यांचा हात तारेवरून उचलला जायची वाट बघणारा. त्या वेळी किती निर्धास्त होतो मी! तितकं निर्धास्त नंतर कधीच वाटलं नाही. खाकी कापड सरकल्याचा आवाज झाला. आणि करंगळीला काहीतरी टेकलं, गार, बारीक, टोकदार, अगदी स्पष्ट. इतकं स्पष्ट, की माझ्या तोंडावर हसू आलं.

"लागलं," मी म्हणालो. "करंगळी."

मी वाट बघितली. "करंगळीच ना?"

"भाऊ," ती म्हणाली, आणि तिचा आवाज माझ्या हातापासून लांब, गॅरेजच्या पलीकडून आला. "पिन घ्यायला गेलते मी. अजून लावलीच न्हाई."

मी डोळे उघडले. ती गाडीपाशी उभी होती, हातात मीटर, पिना खाली लोंबत होत्या. माझा हात बेंचवर एकटाच पालथा पडला होता. मी तो उचलला, खिशात घातला आणि प्लग बाहेर काढला. काढताना खिशात बघावं लागलं. तिच्यापुढे धरला तर ती लगेच घेईना. "अम्मीला काय सांगू?" म्हणाली. मी म्हणालो, "तू न्हाई, मी येतो सांगायला. संध्याकाळी येतो." मग तिनं प्लग घेतला, बापाच्या शर्टाच्या खिशात टाकला आणि खिशाची गुंडी लावली. गुंडी जुनी होती, पण लागली.

पुढचं सगळं तिनं केलं. मीटर पुन्हा ट्रकच्या बॅटरीवर तपासलं, मोज्यांत पुन्हा हवा कोंडून बघितली आणि ते चढवले, जवळच्या टोकांवर रबराचा जाड तुकडा टाकला, एकेक टोक पत्र्याशी मोजलं आणि आकडा दर वेळी मोठ्यानं म्हणून दाखवला, माझ्यासाठी. मी वेळूची काठी घेऊन तिच्या मागे उभा राहिलो. "धरता यील ना?" तिनं मान न वळवता विचारलं. "यील," मी म्हणालो. तिनं हात चौकटीतून आत घातला, कोपरापर्यंत. मी काठी दोन्ही हातांनी घट्ट धरली होती, निदान तसं मला वाटत होतं, म्हणून मी तिच्याकडे एकदा बघत होतो आणि एकदा माझ्या बोटांकडे, ती काठीवर आहेत ना हे बघायला.